दूध पिणारा म्हसोबा

माझ्या चुलत-चुलतभावाचं एक ठरलेलं वाक्य आहे. जेवण झालं की तो शुगरची गोळी तोंडात टाकतो, वर तांब्याभर पाणी पितो आणि म्हणतो, "आज्या-पणज्यांचं आयुष्य खरं, आक्का. ना बीपी, ना शुगर. आपलं काय, जगतोय म्हणून जगायचं."

तो चोवीस वर्षं फौजेत होता. सुभेदार होऊन परत आला आणि आता कडेगावाजवळच्या आमच्या गावी ऊस करतो. माझ्या बापाची मी एकटीच, त्यामुळे त्याच्या रानाला लागून असलेला माझा हिस्साही तोच कसतो. मी मिरजेला एका दवाखान्यात नर्स आहे. एकोणतीस वर्षं झाली, त्यातली सव्वीस बाळंतिणींच्या वॉर्डात.

वॉर्डात काम केलं की अशा वाक्यांवर विश्वास बसत नाही. केसपेपर लिहिताना आम्ही बाईला आधीची मुलं विचारतो. आताच्या मुली एक आकडा सांगतात. त्यांच्याबरोबर आलेल्या म्हाताऱ्यांना सहज विचारलं, आजी तुम्हाला किती, तर त्या दोन आकडे सांगतात. "नऊ झाली, चार राहिली." "अकरा झाली, पाच राहिली." झाली आणि राहिली. पाऊस किती पडला हे सांगावं तशा आवाजात सांगतात. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझा हात केसपेपरवर थांबला होता. नंतर सवय झाली. घरातल्या पुरुषांना विचारलं तर त्यांना फक्त दुसरा आकडा माहीत असतो. माझ्या भावालाही त्याच्या आजीचा फक्त दुसरा आकडा माहीत होता. दोन. त्याचा बाप आणि एक आत्या.

त्याचं सगळंच खोटं असतं असं मी म्हणत नाही. तो म्हणतो, तवा कुणी एकटं जेवत न्हवतं. हे खरं आहे. मी दुपारपाळीहून येते, कुकर लावते आणि टीव्हीसमोर ताट घेऊन बसते. मुलगी पुण्याला, रविवारी फोन करते. नवरा गेल्याला सात वर्षं झाली. माझी तक्रार नाही, पण त्याचं ते वाक्य मी खोडून काढत नाही. बाकीची खोडते. निदान खोडत होते.

आता म्हसोबाचं सांगते.

आमच्या रानाच्या ओढ्याकडच्या कोपऱ्यात अर्धा गुंठा जागा कधी नांगरली गेली नाही. तिथं एक गोल दगड होता, त्याला शेंदूर, बाजूला कण्हेरीची झुडपं. दगडाला म्हसोबा म्हणायचे. आमच्याकडे म्हसोबा म्हणजे कडक देव. गावात आणखी तीन आहेत, त्यांना बोकड लागतो. आमच्याला दूध लागायचं. दर आमुशाला दिवस कलायच्या आत घरातली बाई वाटीभर दूध घेऊन जायची आणि दगडापुढे ओतून यायची. पुरुष ऊसतोडीच्या आधी नारळ फोडायचे तो वेगळा. आम्ही पोरं तिकडं खेळायला गेलो की आजी हाक मारायची, आरडू नका, देव निजलाय. देव निजतो हे आम्हाला चमत्कारिक वाटायचं नाही. विठोबासुद्धा निजतो.

शाळेत मात्र पोरं भावाला चिडवायची. "तुमचा म्हसोबा आजून अंगावर पितोय व्हय रं?" त्यावरून त्यानं एकदोघांची डोकी फोडली होती. मोठा झाल्यावर हाच किस्सा तो स्वतः सांगून हसायचा.

गेल्याच्या गेल्या वर्षी माघात त्याचा फोन आला. मी ड्यूटीवर होते. खोडव्याचा ऊस तुटून गेला होता, रान मोकळं होतं. त्याला ठिबक टाकायचं होतं, त्यासाठी जेसीबी आणून सगळं रान एका सपाटीला घ्यायचं होतं आणि त्या कोपऱ्यामुळे सरी सरळ जात नव्हती. म्हसोबा उचलून रस्त्याकडेला नेऊ, तिथं फरशी घालून छोटं देऊळ बांधू, असं तो म्हणाला. गुरवाला विचारलं होतं. गुरवानं होम सांगितला होता आणि वर घाबरवलंही होतं, की हा देव जागचा हलवला तर जीव मागेल. दोन वर्षं त्यानं त्याच भीतीनं काम लांबवलं होतं. आता अर्धं रान माझं, तर माझं काय म्हणणं आहे, हे विचारायला फोन होता.

माझ्यासमोर एक पेशंट कळा देत होती. मी म्हणाले, "हलव की. मला काय विचारतोस?" आणि फोन ठेवला.

त्याच्या पुढच्या रविवारी मी गावी गेले. महिन्यातून एकदा मी जातेच, धाकट्या आजीची नखं काढायला. धाकटी आजी म्हणजे माझ्या आजीची धाकटी जाऊ, भावाची सख्खी आजी. त्या पिढीतली तेवढी एकच उरली होती. वय नव्वदीच्या पुढं, नेमकं कुणालाच ठाऊक नाही. कान शाबूत, डोळे अधू, कमरेखालचं सगळं थकलेलं. पायाची नखं जाड होऊन वळली होती. ती साध्या नेलकटरनं निघत नाहीत. मी वॉर्डातून जुनी मोठी कात्री नेते, पाय कोमट पाण्यात भिजवते आणि एकेक काढते. अर्धा-पाऊण तास जातो. त्या वेळात ती बोलते. बहुतेक वेळा कुणाच्या तरी चुगल्या.

त्या दिवशी ती बोलत नव्हती. चौथ्या-पाचव्या नखाला म्हणाली, "म्हसोबा हालवनार म्हनं."

मी म्हणाले, "हो. देऊळ बांधणार आहे. रस्त्याला येईल, चार लोक पाया पडतील."

"त्येला सांग, हालवू नको म्हनावं. तुजं आइकतो त्यो."

"आजी, देवाला काय, इथं काय आणि तिथं काय."

तिनं पाय मागं घेतला. बाहेर भावजय भांडी घासत होती, तिच्याकडं कान देऊन ऐकलं, आणि हळू म्हणाली, "तितं देव न्हाई, बाय."

"मग काय आहे?"

"माजी हाईत. पाच. आन तुज्या आजीची दोन."

मी कात्री खाली ठेवली. तिनं पाय परत पुढं केला, म्हणून पुन्हा उचलली. नंतरचं सगळं तिनं मी नखं काढत असतानाच सांगितलं.

दात न आलेलं मूल जाळत नाहीत, पुरतात. ओढ्याकडची माती मऊ, म्हणून तिथं. एक सोडून सगळी पहिल्या पंधरवड्यातच गेली होती. पाचवी पुजून व्हायची, आणि सातव्या-आठव्या दिवशी पोराचं तोंड मिटायचं. दूध ओढता यायचं नाही. मग अंग ताठायचं, धनुकलीसारखं. हात लावला तरी ताठायचं, आवाज झाला तरी ताठायचं. घरात कुणी मोठ्यानं बोलायचं नाही, भांडं वाजू द्यायचं नाही. दोन दिवसांत संपायचं. सटवीनं नेलं म्हणायचे.

"तुजी आजीच करायची समद्यांची बाळंतपनं," ती म्हणाली. "लय हलका हात तिचा. गावातनं बोलवाय यायचे. माज्या पाचीच्या येळला तीच हुती उशाला. रडायची माज्यापरीस जास्त."

नाळ कशानं कापायची, हे मी विचारलं. विचारायला नको होतं, पण सवय.

"इळ्यानं. आन कशानं?"

"मग वर काय लावायची?"

"शेनाची राख. कवा कवा वलं शेन. थंड पडतंय."

वॉर्डात पहिल्या वर्षाला शिकवतात ते माझ्या डोक्यात सगळं एका ओळीत उभं राहिलं. वैरणीचा विळा, शेण, सातवा दिवस, मिटलेलं तोंड. सटवी नव्हती. धनुर्वात होता, आणि तो माझ्या आजीच्या हलक्या हातातून आला होता. ही तीच आजी. तिच्या नावानं गावात अजून म्हाताऱ्या हात जोडतात. तिची स्वतःची दोनही त्याच विळ्यानं गेली असणार.

हे मी धाकट्या आजीला सांगितलं नाही. सांगून काय करायचं? नव्वदीच्या बाईला सत्तर वर्षांपूर्वीची विळ्याची गोष्ट समजावून कुणाचं भलं होणार होतं? इतकं मला त्या दिवशी कळत होतं. म्हणूनच पुढं मी जे केलं ते मला अजून नीट उलगडत नाही.

"मग म्हसोबा कुठून आला?" मी विचारलं.

तर, हिरीला पाणी लागल्यावर तिच्या सासऱ्यानं ठरवलं की ओढ्यापर्यंत सगळं रान नांगराखाली घ्यायचं. दोघी जावांनी आपापल्या नवऱ्याला सांगून पाहिलं. नवरे बापापुढं बोलले नाहीत. थोरलीनं, म्हणजे माझ्या आजीनं, धीर करून सासूला सांगितलं. सासू म्हणाली, माझीबी हाईत रानात, मी काय नांगर धरून बसले का? मग एका बाजारच्या दिवशी, पुरुष माणसं बाजाराला गेल्यावर, ह्या दोघींनी ओढ्यातला एक गोल दगड उचलून आणला, देव्हाऱ्यातला शेंदूर तेलात कालवून लावला आणि कोपऱ्यात ठेवला. थोरलीला सपान पडलं असं घरात सांगितलं. सासरा आला, दगड बघितला, हात जोडले. नांगर त्या कोपऱ्याला वळसा घालून गेला.

"नाव कुनी ठिवलं म्हसोबा, ठावं न्हाई," ती म्हणाली. "आमी नुसता शेंदूर लावला. नाव गड्यांनी ठिवलं. आमी आपलं दूध घालायचो."

आणि मग म्हणाली, "लेकरांसाटी नांगर थांबला नसता, बाय. देवासाटी थांबला."

हे वाक्य मी ऐकलं. अगदी स्पष्ट ऐकलं. त्यातच सगळं होतं, तरी मला ते त्या दिवशी त्या काळाबद्दलचं वाक्य वाटलं. आजच्याबद्दलचं वाटलं नाही.

"त्येला हालवू नको म्हन," ती पुन्हा म्हणाली. "का, ते सांगू नको. कायबी सांग. तुला सपान पडलं म्हन."

मी सपान-बिपान सांगणारी बाई नाही. सव्वीस वर्षं मी नातेवाइकांना जे आहे ते तोंडावर सांगत आले. मूल आडवं आहे, रक्त आणा, बाई वाचेल असं वाटत नाही. गोल गोल बोलणाऱ्या सिस्टर मला आवडत नाहीत, आणि खरं सांगितलं की माणूस बरोबर वागतो असा माझा अनुभव होता. शिवाय हा माणूस मी ओळखत होते. त्याचा मुलगा सातव्या महिन्यात झाला, आमच्याच वॉर्डात. अठरा दिवस काचेच्या पेटीत होता. हा जम्मूहून आला तो वर्दीतच, आणि अठरा दिवस त्या काचेबाहेर उभा राहिला. मी त्याला खुर्ची दिली तर बसला नाही. त्याच्या हाताच्या तळव्याएवढं ते पोर श्वास घ्यायचं, तसा ह्याचा श्वास वरखाली व्हायचा. असा बाप, म्हटलं, सात मुलांवरून जेसीबी नेणार नाही. दगडाला घाबरून नव्हे, मनानंच थांबेल.

दुपारी तो मला रान दाखवायला घेऊन गेला. सरी कशी जाणार, पाइप कुठून येणार, सगळं हात करून दाखवत होता. कोपरा दहा पावलांवर आला तशा त्यानं चपला काढल्या. ढेकळांतून अनवाणी चालत गेला, हात जोडले, थोडं लांबच उभा राहिला.

मी त्याला सगळं सांगितलं. विळ्याचं सोडून सगळं.

तो दगडाकडं बघत राहिला. मला वाटलं, झालं, आता हा कोपरा राहिला. मग त्यानं विचारलं, "पाच?"

"पाच तिची. दोन आमच्या आजीची."

"म्हातारी कवा बोलली न्हाई."

"कुणीच बोलत नाहीत."

तो मागं गेला. मला वाटलं, त्याला एकटं हवंय. तो चपला घालून परत आला. चपलांसकट त्या कण्हेरीपर्यंत आला, खाली बसला आणि दगडावर बोट फिरवून शेंदराचा खपला काढून बघितला. खाली साधा काळा गोटा.

"आयला," तो म्हणाला, आणि हसला. वाईट हसला नाही. वजन उतरल्यासारखा हसला. "दोन वर्सं, आक्का. दोन वर्सं ह्या दगडापाई झोप न्हाई मला. गुरव म्हनतोय जीव मागंल. पोराला तापबी आला तरी मला हाच दिसायचा. आन देवच न्हाई म्हनतीस तू."

मी म्हणाले, "देव नाही. मुलं आहेत."

"व्हय. ते हाय."

"मग राहू दे की कोपरा. अर्धा गुंठा तर आहे."

त्यानं उभं राहून शिवारावर हात फिरवला. ओढ्यापलीकडे जैनांचं रान, त्यात द्राक्षाची बाग. अलीकडे आमच्याच भावकीचा ऊस. "कुटल्या रानात न्हाईत, ते सांग मला. तूच म्हनतीस ना, झाली किती आन राहिली किती? मग न्हाई राहिली ती कुटं हाईत? हितंच हाईत समदी. समद्यांच्या बांधाला हाईत. मग नांगरायचं कुटं मानसानं?"

माझं वाक्य त्यानं माझ्यावरच फिरवलं होतं, आणि चुकीचं फिरवलं नव्हतं.

घराकडं येताना तो म्हणाला, "म्हातारीला काय बोलू नको." आणि घरी आल्यावर नेहमीसारखं जेवला, गोळी घेतली. त्याचं ते ठरलेलं वाक्य मात्र बोलला नाही. मलाच वाटलं, बोलला असता तर बरं झालं असतं.

मी त्या आठवड्यात दोनदा फोन केला. तो "बघू" म्हणाला. माझ्या हिश्श्याचा मुद्दा काढून मला अडवता आलं असतं. मी अडवलं नाही. मनात म्हटलं, लागोपाठ रात्रपाळ्या आहेत, गावी जायला सवड नाही. पण सवडीचा प्रश्न नव्हता. एकदा मी "हलव" म्हणाले होते, आणि त्याच्या बोलण्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. एवढंच.

शनिवारी भावजयीचा फोन आला. जेसीबी येऊन गेला होता. तासाभरात रान सपाट. मी दगडाचं विचारलं. तो रस्त्याकडेला गेला का?

"न्हाई वन्सं," ती म्हणाली. "आता देऊळ कशाला, म्हनाले. देवच न्हाई तर. बांधाच्या भरावात गेला बाकीच्या दगडागोट्यांबर."

होमाचा खर्च वाचला, फरशीचा वाचला. मी तोंड उघडलं नसतं तर तो दगड निदान रस्त्याकडेला फरशीवर राहिला असता, आणि गुरवाच्या भीतीनं आणखी एखादं वर्ष त्याच कोपऱ्यात बसला असता. तेवढ्यात म्हातारी गेली असती. दोन अडाणी बायकांनी एका बाजारच्या दिवसात जे सत्तर वर्षांसाठी केलं, ते मी शिकलेल्या बाईनं एका दुपारी मोडलं. आणि खोटं बोलून मोडलं नाही, खरं बोलून मोडलं.

माती उकरताना काही निघालं का, हे मी भावजयीला विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही.

आषाढात उसाची लागण झाली. त्यानंतर मी गावी गेले तेव्हा आमुशा होती. दिवस कलायला आला तशी धाकट्या आजीनं आतून हाक मारली, दूध गेलं का. भावजय वाटी घेऊन बाहेर पडली. मी तिच्या मागं गेले. गोठ्यापाशी ती थांबली, तिथल्या मांजराच्या मातीच्या परळात दूध ओतलं आणि पदरानं वाटी पुसली.

"दर आमुशाला असंच करते," ती म्हणाली. "रिकामी वाटी बघितली की त्यांचं समाधान होतंय. तुमी काय बोलू नका, वन्सं."

शेवटचं वाक्य तिनं थोडं जोर देऊन म्हटलं. मी बोलणार नाही म्हणाले.

संक्रांतीला मी पुन्हा गेले, तीळगूळ घेऊन. धाकटी आजी अंगणात उन्हाला बसली होती. ती फार उतरली होती. गुडघ्यांवर सूज होती, श्वासाला घरघर. मी नाडी बघितली, पाय दाबून बघितले. तिला दवाखान्यात नेऊन काही होणार नव्हतं आणि तिलाही यायचं नव्हतं. तीळगूळ दिला तर तिनं तो हातातच धरला.

भाऊ मोटारसायकल काढून कराडला कुणा फौजी मित्राकडं गेला होता. भावजय आत होती. म्हातारीनं मला जवळ बस म्हणून खुणावलं.

"मांजर लय लठ्ठ झालंय," ती म्हणाली.

मी गोठ्याकडं बघितलं.

"चांगली हाय सून. जीव लावती. तिला वाटतंय मला कळत न्हाई." मग बराच वेळ श्वास घेतला. "त्ये येंत्र आवाज करत हुतं त्या दिवशी. मला डोळं न्हाईत, कान हाईत."

मी म्हणाले, "माझं चुकलं, आजी. मी सांगितलं त्याला."

"व्हय, तूच सांगितलं असनार. दुसरं कोन?" राग नव्हता आवाजात. राग असता तर सोपं गेलं असतं. "तुज्या आजीसारखी हाईस. तिचंबी आसंच. चांगलं कराय जायची."

ती काय म्हणते आहे ते तिला ठाऊक होतं का, मला माहीत नाही. मी विळ्याबद्दल तिच्याशी कधीच बोलले नव्हते. पण सत्तर वर्षं होती तिच्याकडं विचार करायला, आणि तिनं गावातल्या बाकीच्या बाळंतिणीही बघितल्या होत्या. मी विचारलं नाही.

थोड्या वेळानं तिनं विचारलं, "ऊस कसा हाय? त्या कोपऱ्यातला."

मी येताना बांधावरून बघून आले होते. पहिल्यांदाच पीक घेतलेली जागा. बाकीच्या रानापेक्षा तिथला ऊस हातभर उंच होता, पानं काळीभोर, पेरं जाड. भाऊ येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून दाखवत होता म्हणे.

खोटं काय सांगायचं, ते मी शोधलं. आणि मग तेही सोडून दिलं.

"भारी आलाय," मी म्हणाले.

तिनं मान हलवली. "येनारच."

तीळगूळ तिनं माझ्या हातात परत दिला, दात नव्हते म्हणून. म्हणाली, "त्येला सांगू नको, मी ऊस इचारला म्हनून. त्येला वाईट वाटंल."

मी हो म्हणाले. उठून आत गेले, तीळगूळ खलबत्त्यात कुटला, वाटीत घालून चमच्यानं तिला भरवला. तिनं सगळा खाल्ला.